संवादकौशल्याचा अभ्यासक्रम, त्याचे प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांची मते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्र संपत आले की महाविद्यालयात अभिप्रायाचे अर्ज भरून घेतले जातात, आणि त्यांत ‘कम्युनिकेशन’च्या प्राध्यापकांविषयी विद्यार्थी पुष्कळदा टोकाचे लिहितात. ही मते कशी द्यावीत, कशी वाचावीत आणि त्यांवर कितपत विसंबावे, याविषयी विद्यार्थी, पालक आणि नव्याने रुजू झालेले प्राध्यापक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत; परदेशातील संशोधन जिथे उपयोगी पडते तिथे तेही घेतले आहे.

‘संवादकौशल्याचा अभ्यासक्रम’ म्हणजे नेमका कोणता?

नावे अनेक आहेत. मुंबई विद्यापीठात वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाला ‘बिझनेस कम्युनिकेशन’ वर्षानुवर्षे शिकवले गेले. त्याच विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात ‘प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स’ हा विषय दोन भागांत आला. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१५ मध्ये श्रेयांकाधारित निवड पद्धत आणली तेव्हा इंग्रजी किंवा आधुनिक भारतीय भाषेतील संवाद हा अनिवार्य विषयांत गेला, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या रचनेतही भाषा व संवाद यांची जागा कायम राहिली. पत्रकारिता किंवा जनसंज्ञापनाची पदवी ही वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे विद्यार्थी तो विषय निवडून आलेला असतो. येथे ज्या विषयाचा विचार केला आहे तो बहुतेकांच्या वाट्याला न मागता आलेला असतो. मते वाचताना हा फरक विसरू नये. सक्तीच्या विषयाला अभिप्रायात निवडीच्या विषयापेक्षा सहसा कमी गुण मिळतात, मग शिकवणारा कोणीही असो.

या विषयाबाबतची मते इतर विषयांपेक्षा इतकी तीव्र का असतात?

गणिताचे प्राध्यापक अडखळत बोलले तरी गणित बरोबर सुटल्याशी विद्यार्थ्याला मतलब असतो. संवाद शिकवणाऱ्याला ती सवलत नाही. देहबोलीवर व्याख्यान देणारे प्राध्यापक टेबलामागून हलत नसतील, किंवा ‘श्रोत्यांशी नजर भिडवा’ असे सांगताना स्वतः पीपीटीवरचे वाचत असतील, तर ते वर्गाच्या नजरेतून सुटत नाही आणि अर्जात हमखास उतरते.

दुसरे कारण विद्यार्थ्याच्या बाजूचे आहे. भौतिकशास्त्रात गुण कमी पडले तर विषय कठीण होता असे म्हणता येते. बोलण्यात कमी पडले तर ते आपल्या आवाजाला, उच्चाराला, पर्यायाने आपल्या घराला आणि गावाला लागले असे वाटते. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या मुलाला भर वर्गात ‘पानी नव्हे, पाणी म्हण’ असे हसत सुधारले, तर प्राध्यापकांच्या लेखी ती उच्चाराची दुरुस्ती असते. त्या मुलाच्या लेखी मात्र वर्ग हसला एवढेच उरते. पुढचे सगळे सत्र तो हात वर करत नाही, आणि शेवटी अर्जावर जो शून्य येतो त्याचे मूळ त्या एका मिनिटात असते.

विद्यार्थी साधारणपणे कशाबद्दल लिहितात?

तक्रारींचे विषय फार थोडे आहेत, आणि ते महाविद्यालय बदलले तरी फारसे बदलत नाहीत. सर्वांत पहिली तक्रार बोलायला मिळत नाही ही. ती खरी आहे, आणि पुष्कळदा प्राध्यापकांच्या हातात नसते. एका तुकडीत ६० विद्यार्थी आणि तासिका ५० मिनिटांची धरली, तर प्रत्येकाने फक्त पाच मिनिटे बोलायचे म्हटले तरी ३०० मिनिटे, म्हणजे पूर्ण सहा तासिका लागतात. आणि त्यात प्राध्यापकांनी कोणाला काय सुधारायचे हे सांगण्याचा वेळ धरलेलाच नाही. त्यामुळे बहुतेकांना सत्रभरात एखाददुसरी संधी मिळते आणि उरलेला वेळ संवादाची व्याख्या, प्रक्रिया, अडथळे आणि ‘सेव्हन सीज’, म्हणजे चांगल्या संवादाचे सात गुण, लिहून घेण्यात जातो. प्रात्यक्षिकासाठी तुकडीचे तीन गट पाडले तर चित्र बरेच बदलते, पण त्यासाठी शिक्षक लागतात.

दुसरी तक्रार गुणांची. सादरीकरणाला, गटचर्चेला गुण कशावर दिले हे कळत नाही. जो आधीपासूनच इंग्रजी शाळेतून आलेला असतो त्याला न शिकता पैकीच्या पैकी, आणि ज्याने खरोखर प्रगती केली त्याला काठावर. तिसरी तक्रार जर्नलची : बोलण्याच्या विषयात लेखी सबमिशनच अधिक, आणि तेही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेले. लँग्वेज लॅबमधल्या अर्ध्या हेडफोनमधून आवाज येत नाही, हेही प्राध्यापकांच्याच नावावर नोंदवले जाते.

कौतुकाचे विषय याहून कमी आहेत, पण अधिक बोलके आहेत. नाव लक्षात ठेवणे, पहिल्यांदा उभे राहिलेल्याला मधेच न तोडणे, चूक एकट्यात सांगणे आणि मुलाखतीची तयारी घटकचाचणीपुरती न ठेवता प्लेसमेंटपर्यंत नेणे, या गोष्टींचा उल्लेख विद्यार्थी आपणहून करतात.

सरासरी गुण पाहून प्राध्यापक कसे आहेत हे कळते का?

नाही. समजा एका वर्गातून २४ अर्ज आले, १२ जणांनी पाचपैकी पाच गुण दिले आणि १२ जणांनी दोन. सरासरी साडेतीन निघेल, आणि विभागाच्या तक्त्यात ‘समाधानकारक’ अशी नोंद होईल. साडेतीन हे मत मात्र त्या वर्गात एकाचेही नव्हते.

संवादाच्या वर्गात असे दोन तट पडणे ही नेहमीची बाब आहे, कारण तिथे एकाच बाकावर दोन वेगवेगळे वर्ग बसलेले असतात. एक, बारावीपर्यंत इंग्रजी माध्यमातून शिकलेला, ज्याला विषय बाळबोध वाटतो आणि ‘हे आम्हाला आठवीतच झाले’ असे जो लिहितो. दुसरा, जिल्हा परिषदेच्या किंवा मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेला, ज्याला इंग्रजीतून दिलेल्या सूचनाच अर्ध्या कळतात. प्राध्यापकांनी मराठीत समजावून सांगितले की पहिला गट नाराज होतो. न सांगितले की दुसरा गप्प बसतो. एकाच तासिकेविषयी ‘फार संथ’ आणि ‘फार वेगात’ अशी दोन्ही मते आली तर कोणी खोटे बोलत नसते. अशा वेळी सरासरी काढणे म्हणजे एकाला सैल आणि दुसऱ्याला तंग झालेला सदरा दोघांच्या मधल्या मापाचा ठरवण्यासारखे आहे.

म्हणून आकडा पाहायचाच असेल तर तो विखुरलेला पाहावा : किती जणांनी पाच दिले, किती जणांनी एक. अर्जात शाळेचे माध्यम विचारले असेल तर उत्तरे त्यानुसार वेगळी काढावीत. ते विचारलेले नसेल तर पुढच्या सत्रापासून विचारावे. विभागाला जो एकच बदल करणे शक्य असेल तो हा असावा.

विद्यार्थ्यांना आवडणारे प्राध्यापक चांगले शिकवतात, असे म्हणता येईल का?

कधी म्हणता येते, कधी नाही, आणि संवादाच्या विषयात हा गोंधळ सर्वाधिक होतो. १९७० मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी मायकेल फॉक्स या नटाला ‘डॉ. फॉक्स’ म्हणून तज्ज्ञांपुढे उभे केले. विषय होता वैद्यकीय शिक्षणातील गणिती क्रीडासिद्धान्त, म्हणजे ‘गेम थिअरी’. व्याख्यानात परस्परविरोधी विधाने, मनाने बनवलेले शब्द आणि विनोद भरपूर होते. आशय मुद्दामच ठेवला नव्हता. मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेवक, शिक्षणक्षेत्रातील अधिकारी अशा एकूण ५५ जणांनी ते प्रत्यक्ष किंवा ध्वनिचित्रफितीवर पाहिले आणि बहुतेकांनी त्याविषयी चांगले मत दिले. हा प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत; पण बोलण्याची लकब आशयाची उणीव झाकू शकते, एवढे त्यातून दिसले.

हार्वर्डमध्ये नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९९३ मध्ये याहून नेमकी गोष्ट दाखवली. शिक्षकांच्या आवाज बंद केलेल्या, मिळून अवघ्या ३० सेकंदांच्या चित्रफिती पाहून अनोळखी माणसांनी दिलेले गुण त्याच शिक्षकांना सत्राअखेर विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बरेचसे जुळले. म्हणजे सत्रभर वर्गात बसून जे मत बनते त्याचा काही भाग अवघ्या अर्ध्या मिनिटाच्या पाहण्यातूनच तयार होत असावा.

तिसरा अभ्यास अधिक अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही, वाटप यादृच्छिक होते आणि परीक्षा सर्वांना एकच असते. तिथल्या माहितीवरून स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये असे मांडले की, कॅल्क्युलसच्या पहिल्या अभ्यासक्रमात ज्या शिक्षकांचे विद्यार्थी चांगले गुण मिळवत त्या शिक्षकांना अभिप्रायही चांगला मिळे; पण तेच विद्यार्थी पुढच्या, अधिक कठीण अभ्यासक्रमात सरासरीने मागे पडत. कस लावून शिकवणाऱ्यांचे विद्यार्थी त्या वेळी कुरकुरत आणि नंतर पुढे जात. कॅल्क्युलसचे निष्कर्ष संवादाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही दर आठवड्याला उभे करून बोलायला लावणारे प्राध्यापक आणि ‘महत्त्वाचे प्रश्न’ लिहून देणारे प्राध्यापक यांच्यात ऑक्टोबरमध्ये कोणाला अधिक गुण मिळतील याचा अंदाज करणे अवघड नाही.

सढळ हाताने गुण देणाऱ्यांना चांगला अभिप्राय मिळतो, हे खरे आहे का?

अपेक्षित गुण आणि अभिप्राय यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. तो किती मोठा आणि कशामुळे, यावर मतभेद आहेत, कारण चांगले शिकवल्यामुळेही गुण वाढतात. जर्मनीत वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या एका प्रयोगात तर काही गटांना वर्गात चॉकलेटची बिस्किटे दिली गेली आणि त्या गटांनी शिक्षकांसह अभ्यासाच्या साहित्यालाही जास्त गुण दिले. आपल्याकडे सत्राच्या शेवटच्या तासिकेला वर्गात वडापाव मागवण्याची प्रथा आहे. अर्ज त्याआधी भरून घ्यावेत हे बरे.

बाई आणि पुरुष प्राध्यापकांना विद्यार्थी एकाच मापाने मोजतात का?

उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठात केलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याविषयी नेहमी सांगितला जातो. ऑनलाइन अभ्यासक्रमात एक स्त्री आणि एक पुरुष अशा दोन शिक्षकांनी प्रत्येकी एक गट स्वतःच्या नावाने आणि एक गट दुसऱ्याच्या नावाने शिकवला. विद्यार्थ्यांना ज्यांचे नाव पुरुषाचे वाटले त्यांना अधिक गुण मिळाले; वेळेवर गृहपाठ तपासून देण्यासारख्या, मोजून पाहता येण्याजोग्या गोष्टीतही हा फरक दिसला, जरी दोघांनी सगळ्यांचे काम एकाच वेळी परत केले होते. अर्ज भरणारे विद्यार्थी जेमतेम चाळीस-पंचेचाळीस होते, त्यामुळे हा एकच अभ्यास पुरेसा नाही. मात्र त्याच दिशेचे निष्कर्ष इतरत्रही आले आहेत.

मराठी अर्जांत हे वेगळ्या तऱ्हेने दिसते. सरांविषयी ‘कडक आहेत’ हे पुष्कळदा कौतुक असते. मॅडमविषयी तेच लिहिले की तक्रार होते. मॅडमच्या साडीवर, आवाजावर, ‘हसत नाहीत’ यावर वाक्ये येतात. सरांच्या शर्टावर सहसा येत नाहीत. अशी वाक्ये विभागप्रमुखांनी प्राध्यापकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बाजूला काढावीत, असे माझे मत आहे. त्यांतून शिकवण्याविषयी काहीच कळत नाही.

महाविद्यालयाचा अर्ज आणि नॅकचे सर्वेक्षण एकच का?

दोन्ही वेगळे आहेत. विभागाचा किंवा गुणवत्ता हमी कक्षाचा, म्हणजे आयक्यूएसीचा, अर्ज विशिष्ट विषय आणि विशिष्ट प्राध्यापक यांच्याविषयी असतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात आलेले विद्यार्थी समाधान सर्वेक्षण संपूर्ण संस्थेविषयी असते. त्यात शून्य ते चार गुणांचे २० प्रश्न आणि सूचनांसाठी एक खुला प्रश्न असतो. ‘शिक्षक कितपत प्रभावीपणे संवाद साधू शकले’ असा एक प्रश्न त्या २० मध्येही आहे, पण तो सगळ्या शिक्षकांना मिळून विचारलेला असतो. एखाद्या सरांवरचा राग तिथे काढून उपयोग नाही.

अभिप्राय खरोखर निनावी असतो का?

अर्ज पीआरएन, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाने लॉगिन करून भरायचा असेल तर कोणी काय भरले याची नोंद यंत्रणेत कुठेतरी राहू शकते. ती प्राध्यापकांना दिसते की नाही, हे महाविद्यालयाने आधीच लेखी सांगायला हवे, आणि विद्यार्थ्याने ते विचारण्यात गैर काही नाही. याहून मोठी अडचण खुल्या प्रश्नाची आहे. १५-२० जणांच्या प्रात्यक्षिकाच्या गटात ‘माझ्या सादरीकरणाच्या वेळी लाइट गेली आणि तरी सरांनी गुण कापले’ असे लिहिले की नाव वेगळे लिहावे लागत नाही. म्हणून अंतर्गत गुण विद्यापीठाकडे गेल्याखेरीज अभिप्राय प्राध्यापकांच्या हाती पडू नये. चांगल्या विभागांत हा नियम पाळला जातो. तो पाळला जात नसेल तर विद्यार्थी सपक लिहितात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

उपयोगी अभिप्राय कसा लिहावा?

विशेषणे टाळावीत आणि घडलेले लिहावे. नमुन्यादाखल, ‘मॅडम खूप छान शिकवतात’ हे वाक्य वाचून मॅडमना बरे वाटेल, पण पुढच्या सत्रात काय चालू ठेवायचे ते कळणार नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘पहिल्या भाषणाच्या आधी मॅडमनी आम्हाला जोड्यांत बसवून एकमेकांसमोर बोलायला लावले, त्यामुळे वर्गासमोर उभे राहताना मुद्दे आठवले.’ तक्रारही अशीच लिहावी. ‘सर पक्षपाती आहेत’ असे म्हणण्यापेक्षा ‘गटचर्चेचे गुण कोणत्या निकषांवर दिले ते आधी किंवा नंतर सांगितले नाही, दहा जणांच्या गटात तिघांनाच बोलायला मिळाले आणि उरलेल्यांना मौनाबद्दल कमी गुण मिळाले’ असे लिहिले तर त्याला उत्तर द्यावे लागते.

जे प्राध्यापकांच्या हातात आहे ते आणि जे नाही ते वेगळे लिहावे. अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, तासिकांच्या वेळा वेळापत्रक समिती ठरवते, आणि हेडफोन खरेदीची फाइल कार्यालयात पडून असते. उदाहरणे कोणती द्यायची, कोणाला केव्हा उभे करायचे, चूक कशी सांगायची आणि वही तपासून केव्हा परत द्यायची, हे प्राध्यापकांचे.

अभिप्राय मराठीत लिहिला तर चालतो का?

चालतो, आणि ज्याचा विचार मराठीत चालतो त्याने मराठीतच लिहावे. विषय इंग्रजी संवादाचा असला तरी अर्ज ही इंग्रजीची परीक्षा नाही. तोडक्या इंग्रजीतल्या दोन ओळींपेक्षा स्वच्छ मराठीतल्या सहा ओळींतून प्राध्यापकांना अधिक कळते.

गंभीर तक्रार अभिप्रायाच्या अर्जात लिहावी का?

अर्ज हे तक्रारीचे ठिकाण नाही. तो बेरीज होण्यासाठी असतो आणि एकट्याचे म्हणणे त्यात बुडून जाते. गुणदान, भेदभाव, अडवणूक यांसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे, आणि तिच्या निर्णयाविरुद्ध विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. लैंगिक छळाची तक्रार महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे द्यावी. त्यासाठी घटनेपासून साधारण तीन महिन्यांची मुदत असते, सबळ कारण असल्यास ती वाढवून मिळू शकते. सत्र संपण्याची वाट पाहू नये.

प्राध्यापकांचे नाव घेऊन समाजमाध्यमावर लिहिले तर?

मत मांडायला बंदी नाही. मात्र खोटा किंवा सिद्ध न करता येणारा आरोप नावानिशी केला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा प्रश्न येऊ शकतो. ‘त्यांची तासिका मला कंटाळवाणी वाटली’ हे मत झाले. ‘पैसे घेऊन गुण देतात’ हा आरोप झाला.

अर्ज फार थोड्यांनीच भरले असतील तर निकाल ग्राह्य धरावा का?

आकडा म्हणून धरू नये. ६० जणांच्या तुकडीत ११ जणांनी अर्ज भरला तर ते बहुधा अतिशय खूश किंवा अतिशय नाराज असतात, आणि मधले ४९ जण काय म्हणाले असते ते कोणालाच कळत नाही. त्या ११ जणांचे शब्द मात्र जरूर वाचावेत. हॉल तिकीट अडवून धरून अर्ज भरायला लावला की संख्या वाढते. पण मग सगळ्या प्रश्नांना एकाच उभ्या रांगेत ‘उत्तम’ अशी खूण झालेले अर्ज मिळतात, जे पाहताक्षणी ओळखू येतात.

प्राध्यापकांनी ही मते कशी वाचावीत?

निकालानंतर लगेच वाचू नयेत. चार दिवस जाऊ द्यावेत. मग एकदा सगळी वाचून, एकाच गोष्टीचा उल्लेख वेगवेगळ्या शब्दांत किती जणांनी केला आहे ते पाहावे. एकट्याने केलेला घाव मनात राहतो आणि पंधरा जणांनी साध्या शब्दांत सांगितलेली अडचण निसटते, हा अनुभव या पेशात नवा नाही.

सत्राअखेरच्या अर्जाचा फायदा त्या वर्गाला कधीच होत नाही. म्हणून सहाव्या-सातव्या आठवड्यात कोऱ्या चिठ्ठ्या वाटून दोनच प्रश्न विचारावेत : वर्गातल्या कोणत्या गोष्टीमुळे बोलणे सोपे झाले, आणि कशामुळे अवघड झाले? पुढच्या तासिकेला त्यांतले काय बदलणार आणि काय बदलता येणार नाही, हे वर्गाला सांगावे. संवाद शिकवणाऱ्याने निदान हा एक संवाद पूर्ण करावा, अशी अपेक्षा वावगी नाही.

या मतांवरून प्राध्यापकांची नेमणूक किंवा बढती ठरवावी का?

कॅनडातील तत्कालीन रायर्सन विद्यापीठाच्या वादात लवादाने २०१८ मध्ये असा निर्णय दिला की विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणाचे सरासरी आकडे बढती आणि कायम नेमणुकीसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजायला वापरू नयेत. विद्यार्थ्यांचा अनुभव समजून घ्यायला हे साधन चांगले आहे, हे लवादाने नाकारले नाही. ही विभागणी मला योग्य वाटते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. संवादाचा विषय पुष्कळ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील, म्हणजे सीएचबी, प्राध्यापकांकडे असतो. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, मानधन उशिरा येते आणि एका वाईट अभिप्रायाने पुढच्या वर्षीचे नाव कापले जाऊ शकते. कायम प्राध्यापकांच्या बाबतीत हाच अर्ज फाइलला लागतो, इतकेच. एकाच कागदाची शिक्षा दोघांना इतकी वेगळी होत असेल, तर तासिका तत्त्वावरील शिक्षक गुण सैल सोडतात आणि वर्गाला नाराज करणारे काही करत नाहीत, यात नवल नाही. ज्यांना पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे माहीत नाही, त्यांच्याकडून विद्यार्थ्यांना घाम फोडणारी प्रात्यक्षिके मागायची असतील तर त्यांच्या अभिप्रायासोबत कोणीतरी प्रत्यक्ष वर्गात बसून पाहिलेले टिपणही जोडले पाहिजे.

प्रवेशापूर्वी सीनियर मुलांना काय विचारावे?

‘सर कसे आहेत?’ असे विचारले की ‘भारी आहेत’ किंवा ‘बोअर आहेत’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी सत्रात किती वेळा उभे राहून बोललात, चुका कोणी आणि कशा सांगितल्या, गुणांचे निकष आधी मिळाले होते का, आणि प्लेसमेंटच्या गटचर्चेत त्या वर्गातले काही उपयोगी पडले का, हे विचारावे. शेवटचा प्रश्न नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यालाच विचारावा. प्रथम वर्षात ज्यांच्या नावाने खडे फोडले त्याच प्राध्यापकांचे नाव तिसऱ्या वर्षी मुलाखतीनंतर आदराने घेतले जाते, आणि उलटही घडते.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी तिथल्या प्राध्यापकांविषयीच्या मतांकडे कसे पाहावे?

तिथे १९९९ पासून ‘रेट माय प्रोफेसर्स’ हे संकेतस्थळ चालू आहे. प्राध्यापक दिसायला कसे आहेत हे दाखवणारी मिरचीची खूण त्यावर होती, ती २०१८ मध्ये टीकेनंतर काढली गेली. कोणीही, कधीही लिहू शकत असल्यामुळे तिथल्या आकड्याला महाविद्यालयाच्या अर्जाइतकेही वजन देता येत नाही. कामाचा भार किती, चाचण्या कशा असतात, अशा माहितीसाठी तो मजकूर उपयोगी पडतो.

अनेक मराठी विद्यार्थी तिथे स्वतः अध्यापन साहाय्यक होतात आणि मग पहिल्या सत्रातच ‘उच्चार कळत नाहीत’ असा अभिप्राय वाचतात. त्यांनी डोनाल्ड रुबिन यांचा १९९२ चा प्रयोग माहीत करून घ्यावा. अमेरिकेतच वाढलेल्या एका बाईच्या आवाजातले एकच ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांना ऐकवले. काहींना सोबत गोऱ्या बाईचे छायाचित्र दाखवले, काहींना आशियाई बाईचे. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना आशय कमी समजला. बोलण्याचा वेग कमी करणे, कळीचे शब्द फळ्यावर लिहिणे हे उपाय जरूर करावेत. पण सगळा दोष आपल्या जिभेला लावून घेऊ नये.

मग विद्यार्थी शिकले की नाही, हे मतांवाचून कळण्याचा मार्ग कोणता?

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचे दोन मिनिटांचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करावे आणि शेवटच्या आठवड्यात त्याच धर्तीच्या विषयावर पुन्हा. दोन्ही मुद्रणे कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे न सांगता दुसऱ्या महाविद्यालयातील सहकाऱ्याकडून तपासून घ्यावीत. बोलण्याची भीती मोजायची असेल तर जेम्स मॅक्रॉस्की यांनी तयार केलेली २४ विधानांची प्रश्नावली आहे. तिच्यात गटचर्चा, बैठक, दोघांतील संभाषण आणि जाहीर भाषण यांची भीती वेगवेगळी निघते आणि एकूण गुण २४ ते १२० या दरम्यान येतात. सुरुवातीला आणि शेवटी ती भरून घेतली, तर ज्या विद्यार्थ्याने अर्जावर प्राध्यापकांना एक गुण दिला त्याची भीती प्रत्यक्षात किती उतरली तेही त्याच तक्त्यात दिसते. विधाने मराठीत करून घ्यावीत, आणि भरताना प्राध्यापकांनी वर्गाबाहेर थांबावे.